हिमालयीन लाव्याचा शोध : मसुरी आणि नैनितालच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, मसुरी

दुपारी चारला पोचलो. १४ ट्रॅप कॅमेरे, ४ ध्वनिमुद्रक, बॅटऱ्यांची एक अख्खी पेटी आणि वनखात्याच्या परवानगीच्या तीन प्रती. आम्ही तिघं : मी, शहाद्याचे भाऊ (आवाजांचं काम त्यांच्याकडे) आणि देहरादूनला प्राणिशास्त्र शिकणारा इथलाच एक मुलगा. त्याला सगळे भुला म्हणतात, गढवालीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. उद्यापासून वाट दाखवायला त्याच्या ओळखीतले बोडाजी येतील. बोडा म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. त्यांचं निम्मं आयुष्य जंगल राखण्यात गेलंय.

शोधायचाय तो हिमालयीन लावा. पंचवीसेक सेंटिमीटरचा, म्हणजे तित्तिरापेक्षा लहान आणि शेतातल्या लाव्यापेक्षा मोठा. नर पाटीसारखा करडा, कपाळ पांढरं, डोळ्यापाशी पांढरे ठिपके, चोच आणि पाय लाल. मादी तपकिरी, अंगावर गडद रेघा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून याची डझनाच्या आसपास कातडी आहेत आणि त्यांतलं एकही १८७६ नंतरचं नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात मेजर कारविदन यांनी नैनितालच्या शेर-का-डांडा डोंगरावर मारलेला पक्षी हा शेवटचा खात्रीचा. पुढच्या महिन्यात त्याला १४८ वर्षं होतील. तरी कागदोपत्री तो अजून 'नामशेष' नाही, अतिसंकटग्रस्त आहे.

निघताना घरच्यांनी विचारलंच की दीडशे वर्षांत कुणाला दिसला नाही तो तुम्हाला कसा दिसणार. मी भाऊंकडे बोट दाखवलं. त्यांच्या शहाद्यातला रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला सापडत नव्हता. २५ नोव्हेंबर १९९७ ला तो शहाद्याजवळच अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. मधल्या काळात गुजरातेतला, १९१४ चा म्हणून एक नमुना पुरावा धरला जात होता. तो चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. खोट्या चिठ्ठीमागे जाणाऱ्यांनी चुकीच्या जागी शोधलं आणि पक्षी मात्र आपल्या जागी होता. हे मी स्वतःला रोज सांगणार आहे : चिठ्ठी नीट वाचायची आणि आपली चिठ्ठी नीट लिहायची.

४ नोव्हेंबर, बेनोग

हाथीपांवपर्यंत गाडी, तिथून पायी. माथ्यावर ज्वालादेवीचं देऊळ, समोर बंदरपूंछ लख्ख. पाऊस कित्येक दिवसांत नाही, पायवाटेची धूळ गुडघ्यापर्यंत.

या लाव्याची पहिली चिठ्ठी अर्धवटच होती. १८४६ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं ते इंग्लंडमध्ये, लॉर्ड डर्बींच्या संग्रहातल्या पक्ष्यांवरून. तो हिंदुस्थानात नेमका कुठे राहतो हे तेव्हा माहीत नव्हतं. ते कळलं १८६५ च्या नोव्हेंबरात, मॅकिनन यांनी बेनोग आणि भद्राज या दोन डोंगरांमधल्या घळीत तो टिपल्यावर. उंची सुमारे ६,००० फूट. दोन वर्षांनी नोव्हेंबरातच झडीपानीला, सुमारे ५,५०० फुटांवर काही थवे उतरले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिले. कॅप्टन हटन यांनी ते पाहिले.

सगळ्या नोंदींतून चार गोष्टी पुन्हापुन्हा येतात : उंच गवत, मध्येमध्ये झुडपं, उभा उतार, हिवाळा. आणि पाचवी, जिच्यामुळे मी नीट झोपू शकत नाही : हा पक्षी उडतच नाही. गवतातून पळतो आणि पाय अंगावर पडायची वेळ आली तरच उठतो, तेही जड, थोडंसं, की परत गवतात. शिकाऱ्यांकडे कुत्री होती. आपल्याकडे दुर्बिणी आहेत, आणि दुर्बिणीला गवताच्या आतलं दिसत नाही.

आज घळ वरून पाहिली. उत्तरेकडच्या अंगाला बांज (ओक) आणि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन), गर्द. दक्षिणेकडचा उतार पिवळा, गवताचा. काम तिथे.

५ नोव्हेंबर

८ कॅमेरे लावले. एरवी वाघा-बिबट्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. इथे घोट्याच्या उंचीवर हवा. झाडं नाहीत, म्हणून लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि भिंगासमोरचं हातभर गवत कापलं. त्याहून जास्त कापलं तर पक्षी उघड्यावर येणार नाही, कमी कापलं तर वाऱ्याने हलणाऱ्या प्रत्येक काडीचा फोटो निघेल. आठही ठिकाणी पालथं पडून भिंगाच्या जागेवरून मी बघितलं. तिथून डोंगर दिसत नाही. गवताची खोडं दिसतात, त्यांच्यामध्ये बोळ असतात, काही बोळांत माती घासून गुळगुळीत झालेली असते. उंदीर, तित्तिर, कोण जाणे. कॅमेऱ्यांची तोंडं त्या बोळांकडे केली.

उतरल्यावर पायमोज्यांतली कुसळं काढायला पाऊण तास. हे आपलंच कुसळी गवत, नान्नजच्या माळढोकाच्या माळावरचं. इथले लोक त्याला कुमेरिया म्हणतात. इतक्या दूर, इतक्या उंचीवर तेच कुसळ तसंच अंगठ्याच्या बेचक्यात शिरलं तेव्हा मला फार आपलं वाटलं.

७ नोव्हेंबर

वारा. दिवसभर चालून नोंद शून्य.

शून्य लिहितानाही वेळ, उंची, उताराची दिशा, किती अंतर किती जणांनी कसं तुडवलं हे लिहायचं, असं आम्ही ठरवलंय. आज : तिघं, दहा पावलांच्या अंतराने ओळीत, २.३ किलोमीटर, १,७५० ते १,९०० मीटर. उठलेले पक्षी : काळा तित्तिर ३, चकोर एक थवा (९).

८ नोव्हेंबर

भाऊंचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे. या लाव्याचा आवाज कुणी कधी ध्वनिमुद्रित केलेला नाही. जुन्या शिकाऱ्यांनी एवढंच लिहून ठेवलंय की तो तीक्ष्ण शीळ घालतो. मग जुळवायचं कशाशी? भाऊंची रीत वजाबाकीची. डोंगरावरचा ओळखीचा एकेक आवाज काढत जायचं आणि खाली काही उरतं का बघायचं.

काल पहाटेच्या मुद्रणात एक बारीक, टोकदार शीळ उरली. दिवसभर आम्ही तिघं एकाच यंत्राभोवती. संध्याकाळी ओढ्यावर निळा शीळकरी कस्तूर शेपटी पसरत दगडावर आला आणि आमच्यासमोर तीच शीळ घातली. भाऊंनी वहीत एक ओळ खोडली. म्हणाले, "ताई, एक कमी झाला. हेच काम आहे."

१० नोव्हेंबर, सुवाखोलीच्या खालचं गाव

आजची नोंद लांब होईल, आणि तिच्यात माझी चूक आहे.

१९८४ मध्ये सुवाखोलीजवळ लावा दिसल्याचं सांगितलं गेलं होतं, पुरावा नव्हता. म्हणून इकडे आलो. गवतकापणी जोरात आहे. घसियारी, म्हणजे गवत कापणाऱ्या बायका, पहाटे निघतात, दराती (विळा) कमरेला, दोर डोक्याभोवती. उभ्या उतारावर एका हाताने मूठभर गवत धरून दुसऱ्याने बुंध्याशी कापतात आणि तीन-चार जणी मिळूनच जातात, कारण बिबट्या. हे काम वाकूनच होतं. त्यांचं तोंड दिवसभर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतं. कोणताही पक्षीनिरीक्षक आयुष्यात इतका वेळ गवताच्या आत पाहत नाही.

एका घरी चहाला बसलो. घरातली बोडी (सगळे म्हणतात म्हणून आम्हीही बोडीच म्हणतो) साठीच्या पुढची. आमच्याकडे १२ चित्रांचा संच आहे : तित्तिर, चकोर, कलीज, प्यूरा, चीर, साधा लावा, आणि मुद्दाम घातलेला एक या देशात नसलेला पक्षी, म्हणजे कोणी उगाच 'हो' म्हणत असेल तर कळावं. मी चित्रं मांडली. बोडीने एकेक बाजूला सारलं. "हा चकोर. हा तर रोज शेतात. हा कोण, हा आमच्याकडचा नाही." मग एका चित्रावर तिचं बोट थांबलं.

म्हणाली, हा पाहिलाय. लग्न होऊन आले त्याच्या दोन-तीन वर्षांत. खालच्या उतारावर गवत कापताना मुठीशेजारून पळाला. भिजलेल्या पाटीसारखा. कपाळाला टिकली आणि डोळ्यामागे दुसरी. दोन्ही तळहात जोडून तिने आकार दाखवला. चोच? "लाल, काफलाच्या फळासारखी."

भुलाने माझा हात घट्ट धरला होता. मी मात्र आतून गारठले. टिकली, डोळ्यामागचा ठिपका, लाल चोच हे सगळं त्या चित्रात आहे. बोडी आठवून सांगत होती की चित्र वाचून, हे आता मला, तिला, कुणालाच वेगळं काढता येणार नाही. आधी विचारायला हवं होतं : गवतात कोणते पक्षी दिसतात, कसे असतात, किती मोठे. तिचे शब्द पूर्ण झाले की मग चित्रं. हा नियम मीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. चहा आला, गप्पा रंगल्या आणि मी पिशवीत हात घातला.

नोंद अशी केली : "एक साक्ष. चित्र दाखवल्यानंतर. पुरावा म्हणून वापरू नये." ही ओळ लिहायला मला जड गेलं, पण हीच खरी चिठ्ठी आहे.

१२ नोव्हेंबर

आज कार्तिकी एकादशी. इथे ईगास, दिवाळीनंतर अकराव्या दिवशीची पहाडी दिवाळी. संध्याकाळी चिडाच्या (पाइनच्या) तेलकट लाकडांच्या जुड्या वेलाच्या दोराला बांधून पेटवल्या आणि पोरं डोक्याभोवती गरगर फिरवत अंगणात नाचली. त्याला भैलो म्हणतात. भाऊंनी फोनवर आईला पंढरपूरच्या गर्दीबद्दल विचारलं आणि मग त्यांनीही एक भैलो फिरवला.

१५ नोव्हेंबर, बेनोग

दहा रात्रींनंतर पहिल्यांदा कार्डं काढली. ३,००० च्या वर फोटो. बहुतेक गवत. बाकी : काळा तित्तिर, कलीजची जोडी, काकड (आपलं भेकर), घुरड (पहाडी रानबकरी, आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी), चुथरौल म्हणजे पिवळ्या गळ्याचा मार्टेन, एक बिबट्या, फक्त पंजे. क्रमांक ५ ला वानराने खुंटीसकट आडवं पाडलंय. तो सहा रात्री आभाळाचे फोटो काढत होता. त्या रात्री हिशोबातून वजा.

बोडाजींनी फोटो पाहताना एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी भद्राजच्या जत्रेला, ऑगस्टात, बलभद्राच्या देवळात दूध-लोणी घेऊन गावंच्या गावं चढायची. गुरं राखणारा देव तो. तेव्हा या सगळ्या उतारांवर गुरं होती आणि गवत होतं. आता गावं रिकामी होत चालली आहेत. मला वाटलं होतं, कापणारं कुणी नाही म्हणजे गवत वाढेल, लपायला बरं. बोडाजींनी मला घळीच्या पलीकडे नेऊन दाखवलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सोडून दिलेला उतार. गवत औषधालाही नाही. कालाबांसाची दाट रानटी झुडपं, कुरी (आपली घाणेरी), वरून चिडाची रोपं, खाली पिरूलचा, म्हणजे सुयांसारख्या पानांचा, निसरडा थर. कापलं नाही तर गवत गवत राहत नाही. फार कापलं, जाळलं, चारलं तरी राहत नाही. माझ्या प्रस्तावात 'मानवी हस्तक्षेप' हा एकच शब्द होता, धोक्याच्या यादीत. आज रात्री तो परिच्छेद पुन्हा लिहिला.

१७ नोव्हेंबर, झडीपानी

हटन यांच्या मळ्याचा तीन चतुर्थांश भाग उंच गवताने भरलेला होता. आज घरं, शाळा, रस्ता, राडारोडा. गवताचे चार-दोन पट्टे उरलेत, तिथे प्लास्टिक. दोन तास फिरलो. इथे कॅमेरा लावण्यात अर्थ नाही.

१८ नोव्हेंबर

उरलेले ६ कॅमेरे बोडीच्या खालच्या उतारावर लावले, १,९०० मीटरच्या आसपास. ती स्वतः आली. कुठे पळाला होता ती जागा तिने दाखवली : एका वाकड्या काफलाच्या झाडाखाली, जिथे दगडी बांध खचलाय. पुरावा नाही म्हणून लिहिलेल्या साक्षीवर ६ कॅमेरे लावणं योग्य का, असं भाऊंनी विचारलं. साक्ष पुरावा नसली तरी दिशा असू शकते, असं माझं मत. १९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्प्याकडे जेर्डनचा धाविक तब्बल ८६ वर्षांनी सापडला, तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधमोहिमेत, पण पक्षी रात्री रानात प्रत्यक्ष पकडला तो तिथल्याच एका पक्षी धरणाऱ्याने.

आजपासून साक्षी नीट घेतोय. आधी शब्द, मग चित्रं. तीन गावांत १९ बायका. पाटीच्या रंगाचा पक्षी आपणहून कुणीच सांगितला नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळी ९.४०, बोडीचा उतार, काफलापासून शंभरेक पावलं खाली.

गवत छातीपर्यंत. मी मध्ये, भुला उजवीकडे. पाऊल उचललं आणि बुटाच्या टोकाखालून काहीतरी फाटल्यासारखं उठलं. तपकिरी. जड. पंखांचा फडफडाट इतका जवळ की गालाला वारा लागला. वीसेक पावलं गेलं असेल नसेल, झपकन गवतात खाली. आवाज नाही, दुसरा पक्षी नाही. मादी तपकिरी असते. अंगाखालून उठते. थोडंसं उडते. मला उभं राहता येईना. भुला तिथेच खाली बसला आणि रडायला लागला.

भाऊ वरून हळूच म्हणाले, "कुणी हलू नका." बरोबर होतं ते. पाठलाग केला असता तर पळवून लावलं असतं. जिथे उतरलं त्या जागेच्या वरच्या बांधावर आम्ही पालथे पडलो. दहा वाजले, अकरा, बारा. उन्हात मुंग्या चढत होत्या. बुटाखालच्या जागेवर जाऊन भुलाने एक पीस आणलं, तपकिरी, आडव्या फिकट पट्ट्यांचं. मी ते कागदात ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी गवताच्या कडेला डोकं आलं. मग मान. मानेच्या मागे लालसर तपकिरी डाग, उन्हात स्पष्ट. काळ्या तित्तिराची मादी. ती दोन मिनिटं उघड्यावर चरली, एकदा अंग फुगवलं आणि परत आत गेली.

वेळ ९.४० ते १३.१२, काळा तित्तिर, मादी १. वहीत एवढंच. उरलेलं इथे लिहितेय, कारण ते साडेतीन तास आम्ही तिघांनी तो पक्षी जिवंत आहे असं धरून काढले, आणि तेव्हा तो उतार माझ्या डोळ्यांना वेगळा दिसत होता. प्रत्येक बुंधा महत्त्वाचा होता.

२५ नोव्हेंबर, नैनिताल

कॅमेरे तिकडे चालू ठेवून दोन दिवस शेर-का-डांडावर. याच डोंगराची तलावाकडची बाजू १८ सप्टेंबर १८८० ला कोसळली आणि १५१ माणसं गेली, म्हणजे शेवटच्या लाव्यानंतर चार वर्षं पुरी व्हायच्या आत. आम्हाला हवा होता पूर्वेचा उतार, सुमारे ७,००० फूट. वरच्या अंगाला हॉटेलं, खाली बांज. गवताचे तुकडे आहेत, कड्याला चिकटून, जिथे घसियारीही जात नाहीत. दोरावाचून आम्हीही जाऊ शकलो नाही. पलीकडच्या डोंगरांवर चिडाचे बुंधे अजून काळे. यंदाच्या एप्रिलात इथली आग विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालच्या तलावातून पाणी उचलत होतं.

त्या कड्यावरच्या गवताबद्दल मला काहीही म्हणता येत नाही. तिथे कुणी पाहिलेलं नाही एवढंच.

२९ नोव्हेंबर, सुवाखोली

सगळे कॅमेरे काढले. बेनोगचे ८ कॅमेरे २४ रात्री, इथले ६ कॅमेरे ११ रात्री, वानराच्या ६ रात्री वजा : एकूण २५२ कॅमेरा-रात्री. लावा : शून्य. भाऊंच्या वजाबाकीत शेवटी दोन आवाज उरलेत, दोन्ही एकाच पहाटेचे, काफलाखालच्या यंत्रातले, दोन सेकंदांपेक्षा लहान. ते काय आहेत हे आम्ही म्हणत नाही. इथले आवाज ओळखणाऱ्या आणखी तिघांकडे कसलीही माहिती न देता पाठवायचे, असं ठरलंय. या वेळी आधी प्रश्न.

बोडीचा उतार आता कापून झालाय, गवताचे भारे झाडांवर चढवलेत. काफलाखालचा, खचलेल्या बांधालगतचा एक पट्टा मात्र तिने उभा ठेवला, दोन म्हशींना आठवडाभर पुरेल एवढा. आम्ही मागितला नव्हता. त्या गवताचे पैसे घ्या म्हटलं तर रागावली. फेब्रुवारीत उशिरा कापेन म्हणाली, तेवढ्यात झुडपं धरत नाहीत.

एक ध्वनिमुद्रक त्याच पट्ट्यात ठेवून जातोय. बॅटऱ्या बदलायला भुला दर दुसऱ्या रविवारी येईल. बॅटऱ्यांचे १२ संच बोडीच्या घरी, धान्याच्या कोठीवर, उंदीर पोचणार नाहीत अशा डब्यात. डब्यावर तारीख आणि जागा लिहून चिठ्ठी लावली आहे.